आईबाबांचा पासपोर्ट काढताय? आधी नाव ठरवा (पासपोर्ट, व्हिसा, वकिलातीतली कामं)

मोगरा७८ (धागाकर्ती)

माझा धाकटा भाऊ आणि वहिनी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असतात. वहिनीला दिवस गेल्याचं कळलं त्याच रात्री आईनं ठरवून टाकलं, बाळंतपणाला मी जाणार. आई ७१ वर्षांची. खटाव तालुक्यातलं माहेर, चौथीपर्यंत शाळा, लांबचे प्रवास म्हणजे पंढरपूर, तुळजापूर आणि एकदा काशी. पासपोर्ट नव्हता. हातात सात महिने होते, मला वाटलं भरपूर झाले. प्रत्यक्षात आई निघाली तेव्हा वहिनीची तारीख नऊ दिवसांवर आली होती.

उशीर झाला तो फक्त नावापायी. तेवढ्यासाठी हा धागा काढतेय.

आईचं खरं नाव इथे लिहीत नाही, सुमन धरा. शाळेच्या दाखल्यावर सुमन, पुढे माहेरच्या आजोबांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधारवर 'सुमनबाई', पुढे बाबांचं नाव आणि सासरचं आडनाव. पॅनवर 'बाई' नाही, पण आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त. जन्मतारीख सगळीकडे १ जून होती, एवढं नशीब. ती तारीखही खरी नव्हे. तिच्या वयाच्या कितीतरी माणसांची जन्मतारीख १ जूनच असते, कारण शाळा जूनमध्ये सुरू व्हायची आणि मास्तर अंदाजे सहा वर्षं मागे मोजून तीच तारीख लिहून टाकायचे. आई म्हणते, तिचा जन्म आषाढातला, पेरण्या उरकल्यावरचा. पण कागदावर १ जून सगळीकडे एकसारखी आहे, तर तिला हात लावू नका. तीच तुमची जन्मतारीख.

मी काय केलं? दाखला, आधार, पॅन अशी फाइल लावली, पोर्टलवर अर्ज भरला, नाव पॅनप्रमाणे टाकलं आणि आईला घेऊन पासपोर्ट सेवा केंद्रात गेले. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: आत ए, बी, सी अशा तीन खिडक्या लागतात. ए खिडकीवर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात (फोटो घेऊन जायची गरज नसते, फक्त चार वर्षांखालच्या मुलांचा न्यावा लागतो). बी खिडकीवर अधिकारी कागद तपासतात आणि सी खिडकीवर मंजुरी मिळते.

आईचे ठसे उमटेनात. चाळीस-पन्नास वर्षं खुरपणी, भांडी, राख, चुना. बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या. यंत्र सारखं लाल दिवा दाखवत होतं आणि आई माझ्याकडे बघत होती, जणू तिच्याच हातून काही चुकलंय. खिडकीवरच्या मुलीनं ओला रुमाल दिला, आईची बोटं एकेक करून स्वतः पुसली आणि वरून आपल्या हातानं दाबून धरली. "आजी, घाई नाही आपल्याला," म्हणाली. पाचव्या की सहाव्या वेळी जमलं. त्या मुलीचा हात मला अजून आठवतो. म्हाताऱ्या माणसांना नेताना आदल्या आठवड्यात रोज रात्री बोटांना तेल किंवा व्हॅसलीन चोळा आणि आत जायच्या आधी हात स्वच्छ धुऊन घ्या, खरंच फरक पडतो.

अडलो ते बी खिडकीवर. अधिकाऱ्यांनी शांतपणे तीन कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "ताई, या तिघी एकच आहेत हे मी कशावरून धरू?" अर्ज होल्डवर गेला. चूक माझी होती, त्यांची नाही.

मग उलटं काम सुरू केलं. आधी घरी बसून एक नाव ठरवलं: सुमन, बाबांचं नाव, आडनाव, अमुक स्पेलिंग. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं. मग आधार दुरुस्त केलं. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून तिथे प्रयोग करू नका. त्यानंतर पॅन, त्यानंतर बँकेचं पासबुक. माहेरचं नाव आणि सासरचं नाव जोडणारा कागद म्हणजे लग्नाचा दाखला. १९७२ च्या लग्नाची नोंद कुठून असणार? आता दाखला सक्तीचा नाही, पण आमच्याकडे दोन नावांना जोडणारं दुसरं काहीच नव्हतं. बाबा आहेत, म्हणून दोघांनी मिळून नोंदणी करून घेतली. या सगळ्यात अडीच महिने गेले. मग त्याच फीवर पुन्हा वेळ घेतली, कारण पहिल्या तारखेपासून वर्षभर तोच अर्ज चालतो. या खेपेला वीस मिनिटांत बाहेर.

फी ३६ पानांच्या पुस्तिकेला १५०० रुपये. साठीच्या पुढच्यांना पहिल्या पासपोर्टला १० टक्के सूट असते, म्हणून आईचे १३५०. तत्काळला वर २००० लागतात. कागद जुळत नसतील तर तत्काळचा उपयोग नाही, हे लक्षात घ्या.

एक छोटी गोष्ट. सही मराठीत चालते. आई आजवर अंगठा लावत नसली तरी सही दर वेळी वेगळी करायची. मी तिला कालनिर्णयच्या मागच्या कोऱ्या जागेवर पंधरा दिवस रोज सही करायला लावली. पासपोर्टवर जी सही गेली तीच पुढे व्हिसाच्या अर्जावर आली पाहिजे.

व्हिसाचं पुढच्या प्रतिसादात लिहिते. तुमचे अनुभव सांगा, खास करून नावांचे.

केळफूल

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या सासूबाई ६८ च्या, शाळेत गेल्याच नाहीत. जन्माचा दाखला नाही, शाळेचा नाही. सासरे वारले. त्यांचा पासपोर्ट निघेल का? एका एजंटानं सांगितलं की शिक्षण नाही म्हणून वेगळा शिक्का बसतो आणि परदेशात अडवतात. त्या घाबरल्यात.

मोगरा७८

केळफूल, निघेल. जन्मतारखेसाठी एकच कागद लागतो असं नाही. शाळेचा दाखला, पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, आयुर्विम्याची पॉलिसी, निवृत्तिवेतनाचा आदेश यांपैकी तारीख असलेला कागद चालतो. २०१६ च्या डिसेंबरात हे नियम सैल केले. आई किंवा वडील यांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं. जन्माच्याच दाखल्याची सक्ती आहे ती १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांना.

सासरे नाहीत, म्हणून जोडीदाराच्या जागी काय लिहायचं ते अर्जात नीट वाचा आणि सासऱ्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं त्यांचं नाव आणि सासूबाईंच्या आधारवरचं मधलं नाव एकच आहे ना, ते आजच बघा. शिक्क्याचं आखातात असणारे दर्यावर्दी सांगतील.

दर्यावर्दी

सांगतो. मी मूळचा संगमेश्वर तालुक्यातला, शारजात चौदा वर्षं झाली.

केळफूलताई, सासूबाईंना सांगा, काही घाबरायचं नाही. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' येतं. याचा अर्थ, ठरावीक १८ देशांत *नोकरीसाठी* जाताना सरकारची परवानगी घ्यावी लागते. आखातातले सगळे देश त्यात आहेत, मलेशिया आहे, जॉर्डन आहे. लेकीकडे, नातवंडांकडे फिरायला जाणाऱ्याला त्याचा संबंध नाही. आणि वय ५० च्या वर असलं की शिक्षण कितीही असो, ईसीआर लागतच नाही. पासपोर्टवर काहीच लिहिलेलं नसेल तर त्याचा अर्थ 'परवानगीची गरज नाही' असाच असतो.

पण आमच्या कोकणातल्या तरण्या मुलांसाठी हा शिक्का फार मोलाचा आहे आणि नेमका तोच चुकवायला त्यांना शिकवलं जातं. एजंट सांगतो, "व्हिजिट व्हिसावर चल, तिकडे गेल्यावर कामाचा करून देतो." मुलगा फिरायला म्हणून येतो, परदेशी नोकरीची नोंद होते त्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर तो नसतो, करार नसतो आणि विमाही नसतो. ईसीआरवाल्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख. पावणेतीनशे रुपये! एका खोलीत राहणारा आमचा एक सोबती परांचीवरून पडून गेला. व्हिजिट व्हिसावर होता. त्याच्या घरी एक रुपया विम्याचा गेला नाही.

त्या वेळी वकिलातीचं काम मी जवळून बघितलं, म्हणून लिहितो. मयत भारतात न्यायची तर इस्पितळाचा दाखला, तिथल्या सरकारचा मृत्यूचा दाखला, पोलिसांची ना हरकत, व्हिसा रद्द झाल्याचा कागद, शव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचा दाखला, हे सगळं जमवून वकिलातीत जायचं. ते मृत्यूची नोंद करतात, पासपोर्ट रद्द करून परत देतात आणि ना हरकत देतात. त्याशिवाय विमान कंपनी पेटी घेत नाही. घरच्यांकडून वारसाचं संमतिपत्र लागतं. पैशाची सोय नसेल तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, २००९ पासून. मागावा लागतो, मागायला संकोच करू नका. गावाकडून तक्रार किंवा विनंती करायची तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे, तिथे नोंद केली की क्रमांक मिळतो आणि प्रकरण कुठवर आलं ते दिसतं. आम्हाला पेटी रत्नागिरीपर्यंत पोचवायला अकरा दिवस लागले. सगळे कागद हातात घेऊन फिरणारा एक माणूस लागतो, एवढं लक्षात ठेवा.

आता नावाचं. मोगराताई, तुमचा मुद्दा शंभर टक्के. २१ नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीनं एकाच शब्दाचं नाव असलेले पासपोर्ट व्हिजिट व्हिसाला बंद केले. नाव एक शब्द आणि आडनावाचा रकाना रिकामा असेल तर माणूस परत. पुढे खुलासा आला की आतल्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. पण विमानतळावर रात्री अडीच वाजता हा खुलासा कोणाला दाखवत बसणार? अर्ज भरतानाच आडनाव आडनावाच्या रकान्यात टाका. आपल्याकडे नाव, बापाचं नाव, आडनाव असं सरळ लिहायची सवय, म्हणून कितीतरी जणांचे तिन्ही शब्द पहिल्याच रकान्यात गेलेत.

पश्चिमवारा

याला जोडून अमेरिकेचं. आडनावाचा रकाना रिकामा असलेल्यांचं सगळं नाव अमेरिकन व्हिसावर आडनावात जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' छापतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पुढे वाहन परवाना, बँक, विमा सगळीकडे माणूस त्याच तीन अक्षरांनी ओळखला जातो. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीनं चार वर्षं ही तीन अक्षरं बाळगली.

मी न्यू जर्सीत. वडिलांना दोन वर्षांपूर्वी आणलं, त्याचे दोन-तीन मुद्दे.

वडील बार्शीचे, एसटीत चालक होते, इंग्रजी येत नाही. त्यांना मुलाखतीची धास्ती होती. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मराठीतून मुलाखत देता येते, हे त्यांना सांगितल्यावर ते निम्मे मोकळे झाले. एका दिवशी ठसे आणि फोटो, दुसऱ्या दिवशी बीकेसीत मुलाखत. जाड फाइल नेली होती, एकही कागद मागितला नाही. कोणाकडे जाताय, मुलगा काय करतो, किती दिवस राहणार, परत येऊन काय करणार. वडील म्हणाले, "द्राक्षाची छाटणी ऑक्टोबरात असते, त्याच्या आत यायलाच लागतं." दोन मिनिटांत संपलं. अधिकाऱ्याला जे तपासायचं असतं ते नेमकं हेच: कायद्यानं ते प्रत्येकाला 'हा तिकडेच राहील' असं धरून चालतात आणि तसं नाही हे आपण दाखवायचं असतं. मुलाच्या पगारापेक्षा वडिलांची छाटणी तिथे जास्त कामाची. म्हणून आईवडिलांना पाठ केलेली उत्तरं देऊ नका, त्यांचं खरं सांगू द्या.

फी १८५ डॉलर, नाकारलं तरी परत मिळत नाही. डीएस-१६० अर्ज मी भरला, पण वडिलांना फोनवर ओळ न् ओळ वाचून दाखवला, कारण त्यांच्या तोंडून वेगळी तारीख गेली असती तर पंचाईत.

दुसरा मुद्दा, ज्यावर भले भले चुकतात. व्हिसा दहा वर्षांचा मिळाला म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. व्हिसा म्हणजे दारापर्यंत यायची परवानगी. किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवर असते, जी ऑनलाइन बघता येते. आईवडिलांना बहुधा सहा महिने देतात, पण 'बहुधा'. उतरल्यावर दुसऱ्या दिवशी ती नोंद काढून छापून ठेवा.

आणि जुना पासपोर्ट टाकू नका. पासपोर्टची मुदत संपली तरी त्यातला अमेरिकन व्हिसा चालू असतो, जुना-नवा दोन्ही बरोबर न्यायचे.

वऱ्हाडी

नव्या ई-पासपोर्टबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. चाचणी २०२४ च्या एप्रिलात आमच्या नागपूरला आणि भुवनेश्वरला सुरू झाली होती, आता सगळीकडे देतात. कव्हरवर खाली सोनेरी छोटं चिन्ह असतं आणि चिप आत असते. दुमडू नका, भोक पाडू नका, स्टेपल मारू नका. जुना साधा पासपोर्ट त्याच्या तारखेपर्यंत चालतो, मुद्दाम बदलायची गरज नाही.

एक महत्त्वाचं. पोर्टल सरकारी एकच आहे. शोधलं की वर चार-पाच हुबेहूब दिसणाऱ्या साइट येतात, त्या अर्ज भरायचे हजार-दीड हजार जास्तीचे घेतात आणि माहिती त्यांच्याकडे जाते. माझ्या काकांचे गेले. पत्ता 'जीओव्ही डॉट इन'नं संपतो का, तेवढं बघत जा.

मांडवीकाठ

मी पणजीची. नावांचा विषय निघाला आणि राहवलं नाही.

आमच्याकडे जुन्या जन्मनोंदी पोर्तुगीजमध्ये. माझ्या आज्याच्या नोंदीत 'नायक' हे आडनाव 'क्यू-यू-ई'नं संपतं, शेजारच्या 'प्रभूं'चं 'पोरोबो' झालंय. वडिलांनी शाळेत साधं इंग्रजी स्पेलिंग लावलं. म्हणजे आजा, बाप आणि मी, तिघांची आडनावं कागदावर तीन. गोव्यात नाव बदलायला १९९० चा वेगळा कायदा आहे, अर्ज करून जाहिरात द्यावी लागते. पासपोर्टच्या आधी ते करून घेतलेलं बरं.

पण मला लिहायचंय ते दुसरं. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा नागरिकत्वाचा हक्क देतो. त्यासाठी जन्माची नोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात करायची. आमच्या वाड्यावरची अर्धी मुलं या वाटेनं, पोर्तुगीज पासपोर्टवर, इंग्लंडात गेली; ब्रेक्झिटच्या आधी ते चालायचं. माझा भाऊही गेला. त्याला कोणी सांगितलं नाही की आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं त्याच क्षणी संपतं. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही. तो जुना भारतीय पासपोर्ट घेऊन आईला बघायला येत राहिला आणि एके दिवशी तो पासपोर्ट रद्द झाल्याचं पत्र आलं. आई त्या वेळी अंथरुणावर होती. त्याला यायला सात महिने लागले.

पासपोर्ट आपण होऊन परत केला तर 'सरेंडर' दाखला मिळतो आणि त्यावर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) काढता येतं. रद्द झाला असेल तर तो दाखलाच मिळत नसे, म्हणून ओसीआयही अडायचं. २०२४ च्या एप्रिलात परराष्ट्र मंत्रालयानं रद्द केल्याचा आदेश पर्याय म्हणून चालवून घ्यायचं ठरवलं, तेव्हा अशा गोवेकरांची वाट खुली झाली. ज्यांच्या घरात हा विचार चाललाय त्यांनी कृपा करून आधी समजून घ्या, मग सही करा. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा. त्यावर मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. भाऊ आमच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) उभा राहून हे वाचत होता तेव्हाचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही.

पायवाट

वकिलातीची दुसरी बाजू सांगतो, म्हणजे थोडा धीर येईल.

रोममध्ये टर्मिनी स्टेशनवर बायकोच्या खांद्यावरची छोटी पिशवी गेली. दोघांचे पासपोर्ट त्यात. परतीचं विमान चार दिवसांवर. पहिला तास नुसता शोधण्यात घालवला, तो घालवू नका. सरळ पोलिसात जाऊन 'देनुन्चा' म्हणजे तक्रारीची नोंद घ्या, शिक्का मारलेली प्रत मागा. ती घेऊन आपल्या दूतावासात गेलो, स्टेशनपासून चालत जाता येतं. माझ्या मेलमध्ये दोन्ही पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची स्कॅन प्रत होती, त्यामुळे आम्ही कोण हे पटकन सिद्ध झालं. शेजारी एक मुलगा बसला होता, त्याच्याकडे काहीच नव्हतं, त्याची माहिती भारतातून पडताळून यायची वाट बघत होता.

दोन पर्याय देतात. नवा पासपोर्ट, ज्याला वेळ लागतो, किंवा आपत्कालीन प्रमाणपत्र. ते फक्त भारतात एकदा परत यायला चालतं, वाटेत तिसऱ्या देशात उतरून फिरता येत नाही. आम्ही प्रमाणपत्र घेतलं. त्यावर व्हिसा नसतो, म्हणून निघताना शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो) प्रत आणि पोलिसांचा कागद दोन्ही दाखवावे लागले. घरी आल्यावर 'हरवला' म्हणून नव्यानं अर्ज करायचा. आणि जुना नंतर सापडला तरी वापरायचा नाही, तो एकदा हरवला म्हणून नोंदला की मेला.

तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांच्या पासपोर्टची प्रत एकमेकांच्या बॅगेत ठेवतो.

केळफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना दर्यावर्दींचा प्रतिसाद वाचून दाखवला. मृत्यूच्या दाखल्यावर सासऱ्यांच्या नावापुढे 'राव' आहे, आधारवर नाही. उद्याच नगरपालिकेत जाते.

मोगराताई, शेंगेनचं लिहा ना.

मोगरा७८

हो, राहिलंच.

शेंगेनमध्ये आता २९ देश आहेत. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्याच्याकडे करायचा. फी ९० युरो. निघायच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, भेटीची तारीखच तेवढ्यात मिळत नाही. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दहा वर्षांच्या आतला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. म्हाताऱ्या माणसांसाठी घेताना आधीपासूनच्या आजारांबद्दल काय लिहिलंय ते वाचा. आईचं बीपी होतं, स्वस्त पॉलिसीत ते धरलेलं नव्हतं.

नेदरलँड्सची खास गोष्ट म्हणजे हमीपत्र. बोलावणाऱ्यानं खर्चाची आणि राहण्याची हमी छापील अर्जावर द्यायची, आणि त्यावरची सही त्यांच्या नगरपालिकेत, 'खेमेंटे'त, प्रमाणित करून घ्यायची. भाऊ नुसती सही करून स्कॅन पाठवणार होता! मूळ कागद कुरिअरनं मागवला. हमी देणाऱ्याच्या पगाराच्या पावत्या आणि नोकरीचा करारही जोडला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवस मोजा. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, उतरलेला दिवस आणि निघायचा दिवस दोन्ही धरून. अमेरिकेसारखे सहा महिने इथे नाहीत. आमच्याकडे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की आई बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत राहील. ९० दिवस म्हटल्यावर आई गप्प बसली. मग म्हणाली, "मग लवकर जाऊन काय करू? बाळ आल्यावरचे दिवस जास्त मिळू देत." म्हणून नऊ दिवस आधीची तारीख धरली. उशिरानं आलेला पासपोर्ट एवढ्यापुरता पथ्यावर पडला.

व्हिसा केंद्रात पुन्हा ठसे. आईनं आठवडाभर तेल चोळलं होतं. पहिल्या फटक्यात उमटले. एकदा दिले की ५९ महिने पुन्हा लागत नाहीत, तोवर ती पाऊणशे पार करेल.

पश्चिमवारा

मोगरा, बाळ झालं का? कळवा. आणि बाळाच्या पासपोर्टचंही लिहा, आमच्याकडे त्याच गोंधळात तीन महिने गेले होते.

मोगरा७८

झालं! मुलगी. आई पोचल्यावर बाराव्या दिवशी.

शिपोलला, अ‍ॅमस्टरडॅमच्या विमानतळावर, अधिकाऱ्यानं विचारलं, कुठे राहणार. आईनं काही न बोलता हमीपत्र पुढे केलं. त्यावर भावाचं नाव होतं, तिच्या पासपोर्टवर बाबांचं नाव मध्ये होतं, आडनाव दोन्हीकडे अक्षर न् अक्षर तेच. त्यानं वाचलं, शिक्का मारला.

बाळाचं असं आहे. तिथे जन्म तीन दिवसांच्या आत नगरपालिकेत नोंदवावा लागतो. तिथे जन्मली म्हणून डच नागरिक होत नाही. आईवडील भारतीय, म्हणून हेगच्या आपल्या दूतावासात जन्माची नोंद करायची, वर्षाच्या आत, आणि तिच्याकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यायचं. मग भारतीय पासपोर्ट मिळतो, पाच वर्षांचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी नगरपालिकेच्या दारातून भावाचा फोन आला. डच दाखल्यात वडिलांचं नाव मध्ये लावायची पद्धत नाही. नाव आणि आडनाव एवढंच. आपल्यासारखं लावायचं असेल तर भावाचं नाव तिच्या दुसऱ्या नावासारखं लिहावं लागेल, आणि दाखल्यावर जे जाईल तेच दूतावासात, तेच पासपोर्टवर, जन्मभर. "काय करू ताई? दहा मिनिटांत सांग."

मी म्हटलं, आईला विचार. मला फोनमधून ऐकू येत होतं. आईनं विचारलं, तिचं लग्न झालं की मग ते मधलं नाव बदलायचं का तिला, माझ्यासारखं? भाऊ म्हणाला, बदललं तर सगळे कागद बदलावे लागतील.

"मग नको लावू," आई म्हणाली. "तिचं तिला एकच नाव असू दे."